ऐच्छिक आर्ग्युमेंट पडताळणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्यातील पावसाच्या, धरणसाठ्याच्या आणि मोंढ्यातील आवकेच्या नोंदींवर पायथन, पीएचपी, जावास्क्रिप्ट किंवा मॅटलॅबमध्ये प्रोग्राम लिहिणारे विद्यार्थी, शिक्षक आणि कार्यालयांतील सहकारी पुढील प्रश्न फिरून फिरून विचारतात. त्यामुळे उदाहरणे याच नोंदींतून घेतली आहेत. नियम मात्र डायनॅमिक टाइपिंगच्या, म्हणजे चलात कोणत्या टाइपचे (संख्या, मजकूर असे) मूल्य येईल हे आधी न बांधणाऱ्या, कोणत्याही भाषेला लागू पडतात.

आर्ग्युमेंट पडताळणी म्हणजे काय, आणि तिच्यात ऐच्छिक नेमके काय असते?

फंक्शनला पाठवलेले मूल्य, म्हणजे आर्ग्युमेंट, त्या फंक्शनचे मुख्य काम सुरू होण्यापूर्वीच तपासणे आणि ते अटीत बसत नसेल तर तेथेच थांबून स्पष्ट एरर देणे, याला आर्ग्युमेंट पडताळणी म्हणतात. अट टाइपची असू शकते, आकाराची असू शकते किंवा 'शून्यापेक्षा कमी चालणार नाही' अशी मूल्याचीही असू शकते. डायनॅमिक भाषेत टाइप चलाला चिकटलेला नसून त्या क्षणी चलात असलेल्या मूल्याला चिकटलेला असतो, म्हणून ही तपासणी प्रोग्राम चालू असतानाच करावी लागते.

अट लिहायची की नाही, एवढेच येथे ऐच्छिक असावे. एकदा लिहिलेली अट प्रत्येक कॉलच्या, म्हणजे फंक्शन बोलावण्याच्या, वेळी तपासली गेलीच पाहिजे, असे आमचे मत आहे, आणि पुढील बहुतेक उत्तरे या मतावरच उभी आहेत. ज्या भाषेत हे पाळले जाते तेथे फंक्शनच्या पहिल्या काही ओळी वाचून वाचणाऱ्याला त्यांवर विसंबता येते. जेथे पाळले जात नाही, तेथे त्या ओळींची किंमत कमेंटपेक्षा फारशी जास्त राहत नाही.

डायनॅमिक भाषा मोकळीक हवी म्हणूनच निवडली, मग हे बंधन कशाला?

कारण डायनॅमिक भाषेत चूक होते एका ठिकाणी आणि दिसते भलत्याच ठिकाणी, आणि पुष्कळदा तर दिसतच नाही. जावास्क्रिप्टमध्ये एखाद्या महसूल मंडळाच्या दोन दिवसांच्या पावसाची बेरीज करताना पहिल्या दिवसाचे ४० फॉर्ममधून स्ट्रिंग (मजकूर) म्हणून आले आणि दुसऱ्या दिवसाचे २५ संख्या म्हणून आले, तर उत्तर ६५ येत नाही, ४०२५ येते. एवढा पाऊस निदान डोळ्यांना खटकतो तरी.

पायथन अशी मिश्र बेरीज नाकारतो, म्हणून पायथन वापरणारे निर्धास्त असतात. पण संपूर्ण स्तंभच स्ट्रिंग म्हणून वाचला गेला असेल तर तोही गप्प राहतो. ९, ७२ आणि ११० या तीन नोंदी स्ट्रिंग असतील तर त्यांतील सर्वाधिक मूल्य म्हणून पायथन ९ देतो, कारण स्ट्रिंगची तुलना पहिल्या अक्षरापासून होते. महाराष्ट्रात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की त्या महसूल मंडळात अतिवृष्टी धरली जाते. त्या हिशेबाने दोन दिवस अतिवृष्टीचे असताना अहवालात सर्वाधिक पाऊस ९ मिलिमीटर छापला जाईल, आणि एररची एक ओळही कोठे उमटणार नाही.

ही सोय मुळात नसलेल्या भाषांमध्ये ती नंतर कशी जोडली गेली?

प्रत्येक भाषेने वेगळी वाट धरली, आणि त्या वाटांमधील फरक शिकण्यासारखे आहेत.

पीएचपीच्या पाचव्या आवृत्तीत, म्हणजे २००४ मध्ये, पॅरामीटरपुढे, म्हणजे फंक्शनमध्ये आर्ग्युमेंटसाठी ठेवलेल्या नावापुढे, क्लासचे नाव लिहिण्याची सोय आली. संख्या आणि स्ट्रिंग यांच्यासाठी तशी सोय येण्यास मात्र डिसेंबर २०१५ मधील ७.० ही आवृत्ती उजाडावी लागली. अडचण अशी होती की वेबवरून येणारी जवळजवळ सगळीच मूल्ये स्ट्रिंग असतात. ती संख्येत बदलून घ्यावीत असे एका बाजूचे म्हणणे होते, तर ती सरळ नाकारावीत असे दुसऱ्या बाजूचे. शेवटी दोन्ही ठेवले गेले. फाइलच्या सुरुवातीला काटेकोर टाइपची घोषणा केली, तर त्या फाइलमधून केलेल्या कॉलना काटेकोर नियम लागतात; घोषणा नसेल तर मूल्य शक्य तेथे बदलून घेतले जाते. नियम फंक्शन जेथे लिहिले आहे त्या फाइलवर ठरत नसून ते जेथून बोलावले जाते त्या फाइलवर ठरतो, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. त्यामुळे लायब्ररी लिहिणाऱ्याला आपली शिस्त दुसऱ्याच्या जुन्या कोडवर लादता येत नाही. वरवर हे ठिगळ वाटते, पण चालू असलेला कोड न मोडता नवा नियम आणण्याचा याहून बरा मार्ग आम्हाला तरी सुचत नाही.

पायथनने २००८ मधील ३.० आवृत्तीत पॅरामीटरला टिपणी जोडण्याची जागा दिली, पण त्या टिपणीला काहीही अर्थ दिला नाही. तो अर्थ २०१५ च्या ३.५ आवृत्तीत पेप ४८४ या प्रस्तावाने आला, आणि पायथन डायनॅमिकच राहील, या सूचना सक्तीच्या कधीही होणार नाहीत, असे त्याच प्रस्तावात स्पष्ट लिहून ठेवले गेले.

मॅटलॅबने २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीत फंक्शनच्या तोंडाशी लिहायचा 'आर्ग्युमेंट्स' हा ब्लॉक आणला. त्यात एका ओळीवर एका आर्ग्युमेंटचे नाव, आकार, क्लास, तपासणीची फंक्शने आणि डिफॉल्ट (आर्ग्युमेंट दिले नाही तर धरायचे) मूल्य अशा सगळ्या गोष्टी एकत्र लिहिता येतात. ब्लॉक लिहिला नाही तर जुने फंक्शन पूर्वीसारखेच चालते, लिहिला तर तो प्रत्येक कॉलला चालतोच. लिहिण्यातील ऐच्छिकपणा आणि पाळण्यातील सक्ती यांची अशी स्वच्छ वाटणी वरील भाषांमध्ये आम्हाला येथेच दिसते.

रुबीने ३.० आवृत्तीत, डिसेंबर २०२० मध्ये, टाइपची वर्णने वेगळ्या फाइलमध्ये ठेवण्याचा मार्ग घेतला. मूळ कोडला हात लागत नाही, पण चालत्या प्रोग्राममध्ये त्यामुळे आपोआप काही तपासलेही जात नाही.

पायथनमध्ये पॅरामीटरपुढे 'इंट' (पूर्णांक) लिहिले आहे, तरीही स्ट्रिंग आत जाते. हा बग आहे का?

नाही. पायथन ती टिपणी साठवून ठेवतो आणि पुढे जातो. तिचा उपयोग मायपायसारखी साधने करतात, आणि तेही प्रोग्राम चालवण्यापूर्वी, नुसता कोड वाचून. फाइलमधून किंवा नेटवरून येणारे मूल्य त्यांना दिसत नाही. प्रत्यक्ष कॉलच्या वेळी तपासणी हवी असेल तर टाइपगार्ड किंवा बेअरटाइप यांसारखी लायब्ररी वापरावी, पायडँटिक या लायब्ररीचे मॉडेल लिहावे किंवा फंक्शनच्या पहिल्या ओळींत हाताने अट लिहावी. टाइपस्क्रिप्टबद्दलही हेच उत्तर आहे: त्यातील टाइप कंपाइल होताना पुसले जातात आणि चालतो तो साधा जावास्क्रिप्ट.

टाइप तपासला म्हणजे काम झाले का?

बहुतेक वेळा अर्धेसुद्धा झालेले नसते. मराठवाड्यातील नोंदींत टाइपने पकडता न येणाऱ्या चुका टाइपच्या चुकांपेक्षा अधिक त्रास देतात, म्हणून या प्रश्नावर जरा थांबू.

पैठणच्या जायकवाडी धरणाचा एकूण साठा सुमारे २,९०९ दलघमी (दशलक्ष घनमीटर), म्हणजे जवळपास १०३ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे. त्यातील जिवंत, म्हणजे वापरता येणारा, साठा सुमारे २,१७१ दलघमी, म्हणजे ७६.६ टीएमसी. जिवंत साठा दलघमीमध्ये घेऊन टक्केवारी सांगणारे एक फंक्शन आहे असे समजा. कोणी त्याला टीएमसीमधील ५० हा आकडा दिला, तर संख्या ही अट पूर्ण होते, ऋण नसावी ही अट पूर्ण होते, २,१७१ पेक्षा जास्त नसावी हीही पूर्ण होते, आणि उत्तर येते २.३ टक्के. खरे उत्तर ६५ टक्के आहे. आपल्याकडे दुष्काळाच्या वर्षी २.३ टक्के हा आकडा कोणाला खोटा वाटणार नाही, आणि धोका आहे तो तेथेच.

धरणाच्या पातळीचे मात्र तसे नाही. पूर्ण पातळी १,५२२ फूट, म्हणजे ४६३.९ मीटर आहे; मीटरची अपेक्षा करणाऱ्या फंक्शनमध्ये ४७० ची कमाल मर्यादा लिहिली असेल तर फुटांतील आकडा दारातच अडतो. म्हणजे एकाच धरणाच्या दोन राशींपैकी एकीचे एकक मर्यादेवरून ओळखता येते आणि दुसरीचे येत नाही. जिचे येत नाही तिच्यासाठी एककाचे नाव पॅरामीटरच्या नावातच घालावे, उदाहरणार्थ 'साठा_दलघमी', आणि ते आर्ग्युमेंट नावासकटच पाठवण्याची सक्ती करावी. पायथनमध्ये ही सक्ती ३.० पासून भाषेतच आहे. बोलावणाऱ्याला एकक स्वतःच्या हाताने टाइप करावे लागते, तेव्हा चूक बऱ्याचदा त्याच्याच लक्षात येते.

मर्यादा लिहितानाही विषय माहीत असावा लागतो. टक्केवारी म्हटली की हात आपोआप '० ते १००' लिहितो. पण धरण मृत साठ्यात गेले की जिवंत साठ्याची टक्केवारी उणे सांगितली जाते, आणि ही अट नेमक्या त्याच दिवसांच्या नोंदी फेकून देते. पावसाच्या कमाल मर्यादेचेही तेच आहे. अशक्य मूल्य, म्हणजे उणे पाऊस, नाकारावे. नुसते असामान्य मूल्य नाकारू नये, इशारा देऊन आत घ्यावे. अन्यथा सर्वांत महत्त्वाचा दिवसच अहवालातून गळेल.

आणखी दोन सापळे सांगायला हवेत. पायथनमध्ये ट्रू आणि फॉल्स ही मूल्ये इंटिजरचेच उपप्रकार आहेत, त्यामुळे 'पाऊस झाला का' हा स्तंभ चुकून 'पाऊस किती' या आर्ग्युमेंटमध्ये गेला तर इंटिजरची तपासणी त्याला बिनतक्रार पास करते आणि मंडळात १ मिलिमीटर पाऊस नोंदवला जातो. दुसरा सापळा नॅनचा, म्हणजे 'संख्या नाही' असे सांगणाऱ्या खास मूल्याचा. पायथनच्या पांडाज या लायब्ररीने संख्यांची शीट वाचताना रिकामा राहिलेला रकाना नॅन होऊन येतो, आणि नॅनशी केलेली लहान-मोठेपणाची प्रत्येक तुलना खोटी ठरते. म्हणून 'शून्यापेक्षा कमी असेल किंवा हजारापेक्षा जास्त असेल तर नाकारा' अशी अट लिहिली तर नॅन सुखरूप आत जातो. 'शून्य ते हजार यांच्या दरम्यान असेल तरच घ्या' अशी लिहिली तर अडतो. दोन्ही वाक्यांचा अर्थ बोलताना एकच वाटतो. अट नेहमी दुसऱ्या पद्धतीने, स्वीकाराच्या बाजूने लिहावी.

चुकीच्या टाइपचे मूल्य बदलून घ्यावे की नाकारावे?

बदल एकाच अर्थाने होऊ शकत असेल तर घ्यावे, अन्यथा नाकारावे. सांगायला सोपे असले तरी भाषांचे वागणे येथे फार वेगवेगळे आहे.

मॅटलॅबच्या ब्लॉकमध्ये क्लास म्हणून 'डबल' (संख्यांचा नेहमीचा क्लास) लिहिले की तो आलेले मूल्य त्या क्लासमध्ये बदलण्याचा प्रयत्न करतो. दुहेरी अवतरणातील ९ ही स्ट्रिंग असते, तिची संख्या ९ होते. एकेरी अवतरणातील ९ हे अक्षर असते आणि त्याची संख्या त्याचा सांकेतिक क्रमांक, म्हणजे ५७ होते. कोठेही एरर येत नाही. बदल नको असेल तर क्लास न लिहिता फक्त 'संख्या असलीच पाहिजे' हे तपासणारे फंक्शन लिहावे.

देवनागरी अंकांचा प्रश्न तर आपलाच आहे. गावपातळीवरील शीटमध्ये '६५' असे लिहिलेले सर्रास आढळते. पायथनचे 'इंट' हे फंक्शन देवनागरी अंकांची स्ट्रिंग मुकाट्याने संख्येत बदलते. जावास्क्रिप्ट त्याच स्ट्रिंगचे नॅन करतो. पीएचपी तिला संख्या मानतच नाही. एकच शीट दोन भाषांतून जात असेल तर अंकांचे रूपांतर सुरुवातीलाच, उघडपणे, एका ठिकाणी करावे, आणि आतील फंक्शनांनी फक्त खरी संख्याच स्वीकारावी.

आर्ग्युमेंट दिलेच नाही तर काय समजावे? डिफॉल्ट शून्य ठेवावा का?

पावसाच्या बाबतीत तरी कदापि नाही. 'पाऊस पडला नाही' आणि 'नोंद आली नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डिफॉल्ट शून्य ठेवला की बंद पडलेले पर्जन्यमापक कोरड्या दिवसासारखे दिसू लागते, पावसातील खंड खोटाच लांबतो, आणि त्या खंडावर पुढील निर्णय अवलंबून असतात. नोंद नसेल तर पायथनमधील नन, पीएचपीतील नल अशी 'मूल्यच नाही' हे सांगणारी मूल्ये वापरावीत, आणि ती चालतात हे अटीत स्पष्ट लिहावे.

डिफॉल्ट मूल्यही अटीत बसते की नाही हे तपासले जाते का, असा उपप्रश्न येतो. मॅटलॅबमध्ये तपासले जाते. पायडँटिकमध्ये वेगळे सांगितल्याशिवाय तपासले जात नाही, त्यामुळे लेखकाचीच चूक महिनोन्‌महिने दडून राहू शकते.

जिल्ह्याचे नाव ठरावीक यादीतलेच असावे, अशी अट पुरेशी आहे का?

आजच्या नोंदींसाठी आठ नावांची यादी पुरते. जुन्या नोंदींसाठी पुरत नाही. जालना १९८१ मध्ये, लातूर १९८२ मध्ये आणि हिंगोली १ मे १९९९ रोजी स्वतंत्र जिल्हा झाला. २०२३ मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले. 'हिंगोली' आणि '१९९५' ही दोन्ही आर्ग्युमेंट्स एकेकटी बरोबर आहेत, पण एकत्र आली की चूक आहे. अशी अट एका पॅरामीटरपुढे लिहिता येत नाही. एकेका आर्ग्युमेंटच्या तपासण्या संपल्यावर, सर्वांना एकत्र पाहणारी वेगळी तपासणी लागते. भाषेत ही सोय नवीन जोडणाऱ्यांनी त्या दुसऱ्या टप्प्याची जागा पहिल्या दिवसापासून ठेवावी, कारण ती नंतर घुसवणे अवघड जाते.

नावांची तुलना करण्यापूर्वी मागचे-पुढचे स्पेस काढावेत, हे सगळे करतात. 'ऱ्य' आणि 'ऱ्ह' यांच्याकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. अर्धा र कोणी ऱ आणि हलन्त असा टाइप करतो, तर कोणी साधा र, हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह असा. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, युनिकोडच्या नॉर्मलायझेशननेही (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एक करणाऱ्या प्रक्रियेनेही) ते एक होत नाहीत, आणि यादीत असलेले गाव 'यादीत नाही' म्हणून नाकारले जाते. हे रूपांतर स्वतः लिहावे लागते.

लिस्टमधील प्रत्येक घटक तपासला तर प्रोग्राम मंदावणार नाही का?

मंदावेल. एका संख्येची तपासणी नगण्य असते. लाखभर नोंदींची लिस्ट दर कॉलला तपासणे नगण्य नसते, आणि तीच लिस्ट एकातून दुसऱ्या फंक्शनकडे जात राहिली तर तेच काम पुन्हा पुन्हा होते. बेअरटाइप यावर तोडगा म्हणून दर कॉलला लिस्टमधील एखादाच घटक यादृच्छिकपणे तपासते. सगळी लिस्टच चुकीच्या टाइपची असेल तर हे पुरते, एखादीच नोंद बिघडलेली असेल तर पुरत नाही. रॅकेट या भाषेवर २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात टाइप असलेले आणि नसलेले भाग सरमिसळ झालेल्या काही प्रोग्रामांचा वेग शंभरपटीच्या घरात घसरल्याचे आढळले होते. ते टोकाचे उदाहरण आहे, पण आतल्या प्रत्येक फंक्शनला काटेकोर अट लिहिण्याचा उत्साह आवरण्यास उपयोगी आहे.

मोंढ्यात पोते काट्यावर एकदा चढते. त्यानंतर प्रत्येक हमालाने ते पुन्हा तोलायचे नसते. फाइल, फॉर्म किंवा नेट यांतून मूल्य जेथे आत येते तेथे पूर्ण तपासणी करावी, इतरांनी वापरण्यासाठी दिलेल्या फंक्शनांवर मध्यम करावी, आणि आतल्या मदतनीस फंक्शनांना मोकळे सोडावे.

आर्ग्युमेंट म्हणून फंक्शनच आले तर ते कसे तपासायचे?

ते बोलावता येते की नाही, एवढेच लगेच कळते. ते काय घेईल आणि काय परत देईल हे ते चालेपर्यंत कळत नाही, म्हणून त्याच्याभोवती वेष्टन घालून तपासणी पुढे ढकलावी लागते. रॉबर्ट फिंडलर आणि मॅथियस फेलाइझेन यांनी २००२ मध्ये ही पद्धत मांडली, आणि अट मोडली तर दोष फंक्शन देणाऱ्याचा की ते बोलावणाऱ्याचा हे ठरवण्याचा नियमही त्यांनी तिच्याबरोबरच दिला. रोजच्या कामात याची गरज क्वचित पडते.

एरर संदेशात काय असावे?

फंक्शनचे नाव, आर्ग्युमेंटचे नाव, अपेक्षा काय होती, प्रत्यक्ष काय आले आणि कोठून आले, एवढे असावेच. पीएचपीचा संदेश चुकीचे मूल्य कोणत्या फाइलच्या कोणत्या ओळीवरून आले तेही सांगतो, आणि दुरुस्ती बहुधा त्याच ओळीवर करायची असते. आलेले मूल्य अवतरणात छापावे, म्हणजे शेवटचा स्पेस दिसतो. मात्र मूल्य आधार क्रमांक किंवा बँक खात्याचा क्रमांक असेल तर ते लॉगमध्ये छापू नये, फक्त लांबी आणि टाइप छापावा. शीटवर काम करणाऱ्या सहकाऱ्याला कोडची ओळ सांगून उपयोग नाही, त्याला शीटची ओळ आणि स्तंभ सांगावा.

काम सुरळीत चालू झाल्यावर तपासणी बंद करावी का?

बाहेरून येणाऱ्या मूल्यांची करू नये. पायथनमध्ये अनेक जण पडताळणीसाठी 'असर्ट' वापरतात. प्रोग्राम ऑप्टिमाइझच्या पर्यायासह चालवला की ती सगळी विधाने गळून पडतात आणि कोणालाही पत्ता लागत नाही. असर्ट आपल्याच तर्काच्या खात्रीसाठी आहे. आर्ग्युमेंटसाठी साधी अट लिहून स्पष्ट एरर द्यावा.

जुन्या, चालू असलेल्या कोडमध्ये सुरुवात कोठून करावी?

शीट वाचणाऱ्या फंक्शनपासून, आणि प्रथम एरर न देता. अट लिहावी, पण ती मोडली तर लॉगमध्ये इशारा नोंदवून मूल्य पूर्वीप्रमाणेच पुढे जाऊ द्यावे. जून ते सप्टेंबर असा एक पावसाळा याच पद्धतीने जाऊ दिला तर कोणत्या तालुक्यातून कोणत्या प्रकारची नोंद येते, कोणती अट खरोखर चूक पकडते आणि कोणती अट आपलीच चुकीची आहे, हे लॉगमधून दिसते. चुकीच्या अटी दुरुस्त झाल्या की उरलेल्यांचे एकेक करून एररमध्ये रूपांतर करावे. बदलाची तारीख शीट पाठवणाऱ्यांना आधी कळवावी, आणि ती पंचनाम्यांच्या धामधुमीत येणार नाही एवढे पाहावे.